मखलोकेत: भांडण, मतभेद की वाद?

एका वाचकाचा प्रश्न आहे. यहुदी विचारांवरच्या एका अनुवादात 'देवासाठी केलेलं भांडण टिकतं' असं वाक्य त्यांना भेटलं. मूळ हिब्रू शब्द 'मखलोकेत'. त्याला भांडण म्हणावं का, की 'मतभेद' बरं?

हा शब्द कानाला मखलाशीचा सख्खा भाऊ वाटतो, पण नातं काही नाही. ज्या धातूतून 'खेलेक' म्हणजे वाटा, हिस्सा हा शब्द आला, त्याच धातूतून मखलोकेत आला. शब्दाच्या पोटातच वाटणी आहे. वाटणी म्हटलं की आपल्याला भाऊबंदकी आणि बांधावरचे तंटे आठवणारच. रोजच्या हिब्रूतही साध्या तंट्याला हा शब्द चालतो, म्हणून अनुवादकाला पूर्ण दोष देववत नाही.

पण ते वाक्य अर्धंच आलंय. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथातल्या 'पिर्के आवोत' या नीतिवचनांच्या भागात पुढे म्हटलंय की जी मखलोकेत देवासाठी नसते, ती टिकत नाही. पहिलीचं उदाहरण हिल्लेल आणि शम्मय हे दोन यहुदी गुरू; दुसरीचं बंडखोर कोरह आणि त्याची सगळी टोळी. शब्द दोन्हीकडे तोच. कोरहाला 'भांडण' शोभतं, हिल्लेल-शम्मयना नाही. खरी पंचाईत इथे आहे.

उदाहरणांची मांडणी बघा. बायबलातल्या 'गणना' या पुस्तकात कोरह 250 प्रमुखांना घेऊन मोशे आणि अहरोन या पुढाऱ्यांवर उठतो. तेव्हा दुसरी जोडी 'कोरह आणि मोशे' हवी होती. मोशेचं नावच नाही! पहिल्या जोडीत समोरासमोरचे दोन गुरू, दुसरीत एक नाव आणि त्याच्यामागे जमाव. मला वाटतं, अर्थाची किल्ली इथेच आहे. टोळीत वाद होत नाही, तिला तोंड एकच. आपण 'एकमुखाने' हा शब्द कौतुकाने वापरतो. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, मात्र असं मत आहे की मृत्युदंडाच्या खटल्यात सगळ्याच न्यायाधीशांनी दोषी ठरवलं, तर आरोपीला सोडून द्यावं.

उलट हिल्लेल आणि शम्मय यांची घराणी. (हिब्रूतही 'बेत' म्हणजे घरच, त्यामुळे आपला गाण्यातला शब्द चपखल बसतो.) तालमूद सांगतो की दोघांचा वाद तीन वर्षं चालला, मग आकाशवाणी झाली: हेही आणि तेही जिवंत देवाचेच शब्द, पण आचार हिल्लेल घराण्याप्रमाणे. का? तर ते सौम्य होते, शम्मयवाल्यांचं मतही शिकवत, आणि आपल्या मताआधी शिकवत.

हे सगळं 'मतभेद' या शब्दात मावत नाही. मतभेद गप्प बसूनही असू शकतो, मखलोकेतला समोर माणूस लागतो. आपल्या न्यायदर्शनातली (कोर्टातला न्याय नव्हे, तर्काचं शास्त्र) वाद, जल्प, वितंडा ही त्रयी आठवा: तत्त्व शोधायला वाद, जिंकायला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडायला वितंडा. त्यातला वाद मला सर्वांत जवळचा वाटतो. फरक एवढाच की न्यायातला वाद निर्णयाकडे जातो, तर इथे आचार ठरल्यावरही हरलेलं मत पाठात राहतं. 'टिकतं' म्हणतात ते यासाठी. आपल्याकडे वाद मिटला की बरं वाटतं, म्हणून हे वाक्य शापासारखं ऐकू येतं. तिथे तो आशीर्वाद आहे.

'देवासाठी'बद्दलही थोडं. मुळात 'लेशेम शामायिम', म्हणजे आकाशाच्या नावासाठी. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळून 'इकडून' म्हणत, तसा देवाच्या नावाऐवजी शामायिम. मी 'देवाला स्मरून घातलेला वाद' असं करीन, आणि कोरहासाठीही 'वाद'च ठेवीन, नाहीतर वाक्यातली तुलना मोडते. मूळ शब्द तसाच ठेवायचा असेल तर 'ती मखलोकेत' लिहा. हिब्रूत तो स्त्रीलिंगी आहे.