हात दुखतात, स्लाइड ओढवत नाही, मग कुठलं पिस्तूल घेऊ?

प्रश्न : मी ५८ वर्षांची, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते, ग्रीन कार्ड आहे. मिस्टर गेल्यापासून घरात एकटीच असते. संधिवातामुळे बोटं आखडतात, बरणीचं झाकण पण उघडवत नाही. स्वसंरक्षणासाठी बंदूक घ्यावी असं मनात आहे. दुकानात म्हणाले बायकांसाठी हे सगळ्यात छोटं आणि हलकं रिव्हॉल्व्हर बेस्ट. जावई एच-वन-बी वर आहे, तो म्हणतो मीच घेऊन देतो. शनिवार-रविवारी चार वर्षांचा नातू येतो. काय करू?

उत्तर : ताई, आधी दुकानदाराचं बोलणं बाजूला ठेवा, कारण छोटं म्हणजे सोपं हा समज मी इतक्या जणींच्या हातून खोटा ठरलेला बघितलाय की आता ऐकलं की जीव तुटतो. बंदूक जितकी लहान आणि हलकी तितका धक्का जास्त, तो खायला वजनच नसतं ना, आणि सगळा अंगठ्याच्या मुळाशी बसतो, म्हणजे तुमचं जिथे दुखतं नेमकं तिथेच. त्या हलक्या रिव्हॉल्व्हरचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास असतं पण ट्रिगर ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो, तोही एकाच बोटाने. .२२ चं, म्हणजे बारीक गोळीचं घेतलं तर धक्का नगण्य, पण त्या प्रकारच्या काडतुसाला मागून आपटणारी पिन जोरात बसावी लागते म्हणून ट्रिगर बऱ्याचदा आणखी जड असतो, आणि गोळी न पेटण्याचं प्रमाणही जास्त.

छोट्या पिस्तुलाचं दुखणं वेगळं. स्लाइड म्हणजे वरचा सरकणारा भाग, तो मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत जात नाही. ती आखूड आणि हलकी, मग आतली स्प्रिंग कडक ठेवावी लागते, आणि धरायला जागाच नाही. माझ्याकडे शिकायला एक काकू आल्या होत्या, मुलाने प्रेमाने खिशात मावेल असं पिस्तूल दिलेलं. चिमटीत धरून ओढायला गेल्या, बोटं पांढरी पडली, स्लाइड अर्धी पण येईना, डोळ्यात पाणी आलं. मी त्यांना डावा पंजा वरून स्लाइडवर झाकायला लावला, अंगठा स्वतःच्या छातीकडे, पिस्तूल अंगाजवळ, ट्रिगरवर बोट नाही, आणि म्हटलं मागे ओढूच नका, उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. दुसऱ्या खेपेला खटकन आली. ह्यात जोर बोटांचा नाही, खांद्याचा लागतो. फक्त असं करताना नळी रेंजवर शेजारी उभ्या माणसाच्या लेनकडे वळते, तेव्हा आपण अंग वळवायचं, नळी टार्गेटकडेच राहिली पाहिजे.

तरी त्यांना शेवटी मध्यम आकाराचंच घ्यायला लावलं. तुम्ही पण आधी स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी बघा, .३८० ह्या मापाच्या गोळीत २०१८ ला आलं, ते कमजोर हातांचा विचार करूनच बनवलंय, सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, स्लाइड मऊ, आणि गोळ्या भरायच्या पेटीला, म्हणजे मॅगझिनला, बाजूला बटण आहे ते खाली दाबलं की गोळ्या भरताना अंगठा सोलवटत नाही. त्याच्या मुठीच्या मागे एक सेफ्टी असते, ती तळहाताने पूर्ण दाबली गेली नाही तर गोळी सुटत नाही, तुमची पकड कमी आहे म्हणून हे मुद्दाम तपासा. जुनं घेत असाल तर पिस्तुलावरचा नंबर कंपनीकडे तपासून घ्या, २०२० मध्ये बनलेल्या काहींच्या हॅमरमध्ये, म्हणजे आतून आपटणाऱ्या भागात, दोष निघाला म्हणून परत मागवले होते. रुगरचं सिक्युरिटी-३८० पण हातात घेऊन बघा. स्लाइड काही केल्या जमलीच नाही तर बेरेटाच्या टॉमकॅटची नळी पुढून वर उघडते, पहिली गोळी थेट आत ठेवता येते, पण ते लहान आहे, आणि हॅमर आधी मागे ओढला नाही तर पहिला ट्रिगर जड लागतो.

विकत घ्यायच्या आधी नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने चालवा, आणि जाल ते सकाळी जा, हात आखडलेले असताना, औषध लागू पडायच्या आधी. दुपारी मोकळ्या हाताने सगळंच जमतं हो, पण गरज रात्री अडीचला झोपेतून उठल्यावर पडेल. रिकामी आहे ना हे स्वतः बघून, काउंटरवाल्याला विचारून, स्लाइड आणि ट्रिगर दहा-दहा वेळा करा. दहाव्या वेळेला हात थरथरला तर ते तुमचं नाही. आणि मनगट ढिलं राहिलं तर पिस्तूल अडकतं, म्हणून पन्नास गोळ्या तरी झाडल्याशिवाय ठरवू नका.

जावयाला प्लीज ह्यात पडू देऊ नका. एच-वन-बी वाल्याला फेडरल कायद्याने बंदूक घेता येत नाही, जवळ बाळगताही येत नाही, शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद आहेत पण त्या भानगडीत त्याचा व्हिसा कशाला अडकवायचा. तुम्हाला ग्रीन कार्डवर घेता येते, तेव्हा फॉर्म तुमच्या नावाने, पैसे तुमचे, आणि तो घरी असताना चावी किंवा कोड पण त्याच्याकडे नको.

राहिला नातू. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली लोडेड बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो, आणि कायदा नसता तरी चार वर्षांचं पोर उशीखाली, ड्रॉवरमध्ये, पर्समध्ये सगळीकडे हात घालतं. स्टीलची छोटी सेफ घ्या, बोटाच्या ठशाची नको, क्रीम लावलेलं किंवा सुजलेलं बोट ती ओळखत नाही, बटणाचा कोड असलेली घ्या आणि ती बटणं पण दुकानातच दाबून बघा. बेडशेजारी स्क्रूने पक्की बसवून घ्या, आणि हे सगळं पिस्तूल घरात यायच्या आधी.