राखीव टेकडीवर फक्त गावातल्याच लोकांना सोडावं का?

तुमचा प्रश्न असा: शहरालगतच्या निसर्गराखीव टेकडीवर सुट्टीच्या दिवशी बाहेरून फार गर्दी होते, म्हणून नगरपालिकेने फक्त इथल्या करदात्यांनाच आत सोडावं अशी मागणी होते आहे, असं जगात कुठे झालंय का, आणि ते टिकलं का?

झालंय. पन्नासहून जास्त वर्षं चाललं आणि शेवटी मोडीत निघालं. मी कॅलिफोर्नियात त्या गावाच्या शेजारीच राहते, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहिलंय.

गाव पालो आल्टो, स्टॅनफर्ड विद्यापीठाला लागून असलेलं. 1959 साली नगरपालिकेने डॉ. रसेल ली यांच्याकडून डोंगरातली जमीन एकरी सुमारे हजार डॉलर भावाने विकत घेतली. आज हे क्षेत्र साधारण 1,400 एकर आहे. ओकची जुनी झाडं, उन्हाळ्यात पिवळे पडणारे गवताळ उतार, बोरोंडा नावाचं लहानसं तळं, हरणं. आणि वर चढून गेलं की खाली सॅन फ्रान्सिस्कोचा अख्खा उपसागर दिसतो. जमीन घेताना शेजारच्या गावांना खर्चात वाटा उचलाल का असं विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं, असं इथे सांगतात. त्यातूनच नियम आला. 1965 मध्ये फूटहिल्स पार्क उघडलं ते फक्त पालो आल्टोचे रहिवासी आणि त्यांच्यासोबत येणारे पाहुणे यांच्यासाठी. फाटकावर ओळखपत्र बघत. बाहेरच्याने आपल्याआपण आत जाणं हा गुन्हा होता. हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद होती.

नियमाच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जायच्या. पैसे आम्ही दिले, आणि बाहेरचे येत नाहीत म्हणून निसर्ग जपला जातो. पहिल्या मुद्द्यात निदान थोडं तथ्य आहे. दुसरा मला कधीच पटला नाही. गावाची वस्ती 68,000 च्या आसपास. ते सगळे एकाच रविवारी आले असते तर गवत तुडवलंच गेलं असतं. म्हणून तर एका वेळी किती माणसं आत असावीत याची मर्यादा नियमांत आधीपासून वेगळी दिलेली होती. जमीन वाचवायचं काम तो आकडा करत होता. ओळखपत्राने फक्त कोण आत जाणार एवढंच ठरत होतं.

आणि इथे ‘कोण’ हा प्रश्न साधा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या अनेक वसाहतींच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही अशा अटी असत. हमरस्त्यापलीकडे ईस्ट पालो आल्टो हे वेगळं गाव आहे, वेगळ्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात); तिथली वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांची राहिली. म्हणजे आधी घर घेऊ दिलं नाही, आणि मग घर नाही म्हणून डोंगरावर जायचं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये नागरी हक्क संघटनांनी नगरपालिकेवर दावा लावला, त्याच्या मुळाशी हेच होतं. त्याच्या थोडं आधी बाहेरच्या लोकांना प्रायोगिक तत्त्वावर दिवसाला काही मोजके परवाने देण्याचा विचार नगरपालिकेत सुरू होता. पण दाव्यानंतर नुसते परवाने पुरणार नाहीत हे उघड झालं. नोव्हेंबरात नगर परिषदेने बंधन उठवायचं ठरवलं आणि 17 डिसेंबर 2020 पासून फाटक सगळ्यांना खुलं झालं.

पुढचा भाग तुमच्या नगरपालिकेने नीट पाहावा असा आहे. महासाथीचा काळ, नाताळची सुट्टी, माणसं घरात कोंडलेली. तोबा गर्दी झाली. गाड्यांच्या रांगा लागल्या, आत जागा संपली की फाटक बंद करावं लागे, पायवाटा सोडून लोक गवतात शिरत. ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो?’ असं म्हणणारे पुष्कळ होते. पण नगरपालिकेने पुन्हा ओळखपत्राकडे वळण्याऐवजी आकड्यांना हात घातला. एका वेळच्या माणसांची मर्यादा खाली आणली आणि 2021 च्या सुरुवातीला गाडीमागे 6 डॉलर प्रवेशशुल्क लावलं. कुत्रे फक्त कामाच्या दिवशी आणि तेही साखळीने बांधलेले, हा नियम तसाच राहिला. त्याच वर्षी नावही बदलून ‘फूटहिल्स नेचर प्रिझर्व्ह’ केलं, म्हणजे येणाऱ्याला कळावं की ही सहलीची बाग नाही. ही पावलं मला योग्य वाटतात. माझं एकच म्हणणं राहतं: वर बस जात नाही. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला ते फाटक आजही बंदच आहे, आणि याची चर्चा फारच कमी झाली.

आपल्याकडचं कास पठार घ्या. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. हंगामात गर्दी आवरायला दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा, आधी नोंदणी आणि शुल्क, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे. पर्यटक साताऱ्याचा की सोलापूरचा हे कोणी विचारत नाही, आणि तरीही गावांना उत्पन्न मिळतं. तिथेच कुंपणही घातलं होतं. त्याने गुरांचं चरणं थांबलं, दांडगं गवत माजलं, फुलं कमी दिसू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर कुंपण काढावं लागलं. कोणाला तरी बाहेर ठेवलं की निसर्ग आपोआप जपला जातो, हे तिथेही खरं ठरलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्थानिकांपुरता प्रवेश मागू नका. रहिवाशांना वार्षिक पासात सवलत मागा, त्यात काही गैर नाही. पण नगरपालिकेच्या टेकडीविषयीच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा लेखी विचारा, की एका वेळी किती माणसं ही टेकडी सोसेल हे कोणी आणि कोणत्या पाहणीवरून ठरवलं? दिवसाला 2,000 आणि एका वेळी 2,000 यांत फार फरक आहे. पहाटे फिरायला येणाऱ्यांची आणि संध्याकाळी येणाऱ्यांची बेरीज करून काहीच कळत नाही. वाहनतळ किती मोठा असणार हेही विचारा, कारण खरी मर्यादा बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो, आणि तो मोठा केला की कागदावरचा आकडा कोणी पाळत नाही. घरटी बांधण्याच्या काळात कोणत्या वाटा बंद राहतील, रविवारी रखवालदार किती असतील, आणि शुल्काचा पैसा टेकडीवरच खर्च होईल की सगळ्या शहराच्या तिजोरीत जाईल, याचीही उत्तरं घ्या. आणि पायथ्यापर्यंत बस येईल का, हे सगळ्यात आधी विचारा.