वाचकांचे प्रश्न : कॅन्टीन आपलंच चालवायचं तर

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनचा ठेकेदार काम सोडून गेला. आम्ही चौदा कामगार आहोत. इंडियन कॉफी हाउससारखी कामगारांची सहकारी सोसायटी काढून ते चालवता येईल का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : येईल. कॉफी हाउसवरही हीच वेळ आली होती. 1936मध्ये चर्चगेटला सुरू झालेली ही साखळी पुढे सरकारी कॉफी बोर्डाने देशभर नेली आणि पन्नाशीच्या दशकात गुंडाळायला घेतली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सोसायट्या काढल्या. पहिली बंगळुरूत, 19 ऑगस्ट 1957 रोजी. आचारी तेच, वेटर तेच, मालकी तेवढी बदलली.

पुढे मात्र भाड्याच्या जागेने घात केला. बंगळुरूचं एम. जी. रोडवरचं कॉफी हाउस 2009मध्ये उठलं आणि चर्च स्ट्रीटला गेलं. केरळ आणि जबलपूरच्या सोसायट्यांनी मात्र इस्पितळांत, कारखान्यांत कॅन्टीनं घेतली. तिथे गिऱ्हाईक रोजचं. तुमचंही तसंच आहे, म्हणून नोंदणीआधी कंपनीकडून किमान तीन वर्षांचा करार लेखी घ्या. वीज, गॅस, भांडी कोणाकडे, हे त्यात स्पष्ट हवं.

नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 सभासद लागतात. एका घरातले दोन भाऊ एकच धरा. मुख्य प्रवर्तक, म्हणजे नोंदणीचं काम पाहणारा सभासद निवडा, नाव आरक्षित करा, बँकेत खातं उघडून भागाचे (शेअरचे) पैसे भरा आणि उपविधींसह, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीसह, प्रस्ताव सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात द्या. अन्न परवाना वेगळा.

अशा सोसायट्या बुडतात त्या बहुधा रोकड अडकल्याने. कंपनी बिल महिनाअखेरीस देणार, दूधवाला दहा दिवसांनी दारात उभा. निदान महिनाभराच्या मालाचे पैसे हाताशी हवेत. नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणं कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यावर डोळा ठेवू नका.

प्रश्न : कॉफीचा हिशोब कधीच जुळत नाही. गळती कशी शोधायची?
– एक कॅन्टीनचालक

उत्तर : 100 ग्रॅम पावडरीवर लिटरभर कढत पाणी घाला. दोनेकशे मिली पावडरच पिते, 800 मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क उतरतो. कपाला 30 मिली धरलं तर 26 कप. कुपनं 20च निघाली तर माप सैल आहे, उरलेलं ओतलं जातंय किंवा फुकट कप जाताहेत. डिकॉक्शन शेगडीवर तासन्‌तास ठेवू नका, कडवट होतं आणि मोरीतच जातं. दर दोन तासांनी थोडं थोडं काढा.