कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय झालं तर पोलिसांची संख्या आपोआप वाढेल का?

आपोआप नाही. आयुक्तालयाने आधी बदलतात ते अधिकार. जमावबंदीसारखे आदेश आज जिल्हाधिकारी काढतात, ते शहरापुरते आयुक्तांकडे जातात. माणसं वाढायची तर शासनाने नवी पदं मंजूर करावी लागतात. त्याशिवाय पाटी बदलली, तर शहराला मिळणारे पोलीस जिल्ह्यातूनच काढले जातील. मग आजरा-चंदगडकडच्या ठाण्यांनी काय करायचं?

मंजुरी मिळाली तरी भरती, मैदानी, लेखी, प्रशिक्षण यात बराच काळ जातो. तोवर निवृत्त होणारे थांबत नाहीत. त्यात जोतिबाची चैत्र यात्रा, अंबाबाईचं नवरात्र, गणपती, शिवाय मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्ताला माणसं ठाण्यातूनच जातात आणि तपासाची फाईल टेबलावर पडून राहते. खरी ओरड इथे आहे.

पैशाचं म्हणाल, तर पोलीस हा घटनेनुसार राज्याचा विषय. गृह विभागाच्या तरतुदीतला मोठा वाटा पगारावरच जातो. आधुनिकीकरण योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं, पण त्यातून यंत्रणा, साधनं येतात. शिपायाचा पगार नाही. गाड्या, सीसीटीव्ही बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात. म्हणून नवी गाडी दिसते, चालक मात्र नसतो!