मुलांचा डीएमएफटी १.२ आहे म्हणजे नेमकं काय? खेड्यातल्यांचे दात शहरापेक्षा चांगले असतात हे खरं का?

खेड्यातले दात चांगले, हे मी गेली पंधरा वर्षं मामाकडून ऐकतेय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

डीएमएफटी म्हणजे किडलेले, किडीपायी काढलेले आणि भरलेले अशा पक्क्या दातांची बेरीज. १९३८ साली क्लाइन, पामर आणि नटसन या अमेरिकनांनी मांडलेली ही पद्धत अजून टिकून आहे, कारण आरसा, प्रोब (दात चाचपायची बारीक सळई) आणि बरा उजेड एवढ्यावर भागतं. मुलं बारा वर्षांची घेतात. तोवर अक्कलदाढा सोडून बहुतेक पक्के दात आलेले असतात आणि पोरं शाळेत एकाच जागी सापडतात.

दंतवैद्यकाच्या इंटर्नशिपमध्ये आमचा दात तपासणीचा कॅम्प नेमका मामाच्या गावी लागला, सांगली जिल्ह्यात. मामा शाळा समितीवर. सातवीच्या वर्गात तीस मुलं. मी तोंडात बघून आकडे सांगायचे, मैत्रीण तक्त्यात भरायची: शून्य म्हणजे धड, एक म्हणजे किडका, तीन म्हणजे भरलेला, चार म्हणजे किडीपायी काढलेला. मधल्या सुट्टीत मामाच येऊन खुर्चीत बसला. "माझ्या तोंडात एक कीड दाखव पोरी, पन्नास रुपये देतो."

नाही दाखवता आली. मैत्रिणीला मात्र अकरा वेळा 'चार' लिहावं लागलं. दाढ दुखली की तालुक्याला जायचं आणि उपटून यायचं, हा त्याचा शिरस्ता. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीच्या अकरा दातांत सिमेंट भरलेलं आहे. म्हणजे दोघांचाही डीएमएफटी अकराच! ती चकली कडाकडा खाते, मामा चहात बुडवून. नुसती बेरीज सांगणाऱ्याला मी म्हणूनच विचारते, बाबा रे, यातले भरलेले किती आणि गेलेले किती?

संध्याकाळी वर्गाची बेरीज झाली. ३० मुलं, ३६ दात, सरासरी १.२, अगदी तुमचाच आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालासाठी तीनच्या आत हे उद्दिष्ट ठेवलं होतं, हे मीच मूर्खासारखं मामाला सांगितलं. त्याने ते समितीच्या बैठकीत ऐकवलं. टाळ्या पडल्या.

आता तो तक्ता बघा. १७ मुलांना काहीच नाही. नऊ जणांना एखाददुसरा. उरलेल्या चौघांना आठ, सहा, पाच आणि चार. म्हणजे छत्तीसांतले तेवीस दात चार तोंडांत. आठवाला पोरगा भाकरी एकाच बाजूने चावायचा, आणि "दुखतं का?" विचारलं तर मान हलवून नाही म्हणायचा. टाळ्या पडल्या तेव्हा तो मागे सतरंजी गुंडाळत होता. दातांची कीड बहुतेक ठिकाणी अशीच वाटली जाते, बऱ्याच जणांना शून्य आणि थोड्यांच्या वाट्याला ढीग. म्हणून स्वीडनच्या ब्रॅथॉल यांनी २००० साली सर्वांत वाईट दात असलेल्या एक तृतीयांश मुलांचीच सरासरी वेगळी काढायला सुचवलं. आमच्या वर्गात ती ३.३ येते. हे मामाला सांगितलं तर म्हणाला, "तू दहाच पोरांचं बोलतीस, मी गावाचं बोलतोय."

खेडं की शहर, याने दात ठरत नाही. दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं, फ्लोराइडची पेस्ट आहे की राखुंडी, आणि कीड लहान असताना डॉक्टर गाठता येतो का, यावर ठरतं. गावात पाच रुपयांचा बिस्किटपुडा पोचलाय, दातांचा डॉक्टर पोचलेला नाही. पूर्वी खेड्यात साखर कमी होती, तेव्हा मामाचं खरंही असेल.

आणि हो, एका वर्गावरून जिल्हा ठरत नाही, हेही सांगायला हवं. शिवाय या मोजणीत खड्डा पडलेलीच कीड धरतात, सुरुवातीचे पांढरे डाग सुटतात. आणि मामावर थोडा अन्याय झालाय. त्याच्या अकरांतले दोन-तीन दात मिश्रीने हिरड्या खराब होऊन गेलेले असणार. पण तिशी उलटली की दात का गेला हे न विचारता तो बेरजेत धरायची पद्धत आहे, त्यामुळे त्याचा आकडा अकराच राहतो.

गेल्या दिवाळीत त्याने कवळी बसवली. आता म्हणतो, मोज, पुरे बत्तीस आहेत.