पिशवी मोठी, गोठा लहान

प्रश्न : माझ्याकडे दोन संकरित गाई आहेत, त्यातली एक पाच महिन्यांची गाभण. गेल्या उन्हाळ्यात एक टनाच्या पिशवीत मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) केला. पहिले आठ दिवस गाईंनी आवडीने खाल्ला, मग हळूहळू गव्हाणीत उष्टा राहू लागला. खालचा माल गरम लागायचा, कडेने पांढरी बुरशीही आली. यंदा कल्चर (आंबवणाऱ्या जिवाणूंची पूड) टाकावे का? उसाचे वाढे (हिरवे शेंडे) फुकट मिळतात, मग मुरघासाचा खटाटोप करावा का? सध्या मका सत्तर दिवसांचा आहे.
– एक वाचक, ता. माळशिरस, जि. सोलापूर

उत्तर : दादा, पहिले आठ दिवस गाईंनी आवडीने खाल्ला, म्हणजे तुमचा मुरघास चांगलाच झाला होता. बिघडला तो पिशवी उघडल्यावर. हिशेब मांडून पाहा. गाईला रोज १५ किलो धरले, तर दोघींना ३० किलो. एक टन संपायला महिना लागतो. साडेचार फूट उंच पिशवीतून रोज जेमतेम दीड-दोन इंचांचा थर निघतो आणि तोंडाशी हवा मात्र रोज आत शिरते. मुरघास टिकतो तो त्यातल्या आंबटपणावर. हवा मिळाली की यीस्ट ते आम्ल खाऊन टाकते, माल तापतो आणि मागोमाग बुरशी येते. तुमच्या हाताला लागलेली ऊब तीच. उन्हाळ्यात हे फार झपाट्याने होते. रोज निदान सहा इंच थर निघेल एवढीच पिशवी घ्यावी. तुम्हाला शंभर किलोच्या पिशव्या बऱ्या. एक उघडली की तीन दिवसांत संपते, पुढची बंदच राहते. दहा गाईंच्या शेजाऱ्याकडे पाहून टनाची पिशवी आणू नका.

कल्चरचे पैसे मक्यासाठी खर्च केले नाहीत तरी चालेल. मक्यात मुळातच साखर भरपूर असते, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू पानावरच असतात. लसूण घासाचा मुरघास करायचा असता तर मी वेगळे सांगितले असते.

खरे लक्ष द्या ते कापणीच्या वेळेकडे. दिवस मोजू नका, कणीस मधोमध मोडून दाणा पाहा. दाण्यात वरून निम्म्यापर्यंत पिठूळ भाग उतरला आणि खाली चीक उरला, की कापायचा. नुसत्या चिकातला मका कापला तर पाणी जास्त होते, तळाला काळा लगदा होतो आणि शेणासारखी घाण सुटते. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला मका, मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून पाणी आले तर दोन-चार दिवस थांबा. मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडला तर बरोबर. लगेच भुगा झाला तर उशीर झाला, मग दाबताना दुप्पट मेहनत. कुट्टी अर्धा-पाऊण इंचाची हवी. पिशवीत चारेक बोटांचा थर टाकायचा, कडेकडेने पायांनी तुडवायचे, मग पुढचा थर. कोपऱ्यात हवा राहते, तिथे जास्त तुडवा. एकाच दिवसात भरून तोंड बांधा आणि ४५ दिवस हात लावू नका. उंदरांचे छिद्र मात्र रोज बघा, सापडले की त्याच क्षणी चिकटपट्टी.

आता बुरशीचे. २०१९ साली मी वरची बुरशी खरवडून टाकली आणि खालचा माल सात महिन्यांच्या गाभण गाईला घातला. आठवड्याने तिने वासरू टाकले. डॉक्टरांनी बुरशीचाच संशय सांगितला. ती गाय मी अजून विसरलेले नाही. म्हणून आग्रहाने सांगते, बुरशीचा माल गाभण गाईला तर नाहीच, शेळीलाही घालू नका. थेट उकिरड्यावर टाका.

वाढ्यांचे म्हणाल, तर गळिताच्या दिवसांत आपल्याकडे सगळेच घालतात, मीही घालते. पण वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या गाईचे दूध उतरते, माजही वेळेवर येत नाही. वाढे कुट्टी करून, इतर चाऱ्यात मिसळून घाला आणि रोज खनिज मिश्रण द्या. फुकट वाढे मिळतात म्हणून मुरघास सोडू नका, कारखाना बंद झाला की वाढे संपतात आणि उन्हाळा तर तेव्हाच सुरू होतो.

मुरघास पाच किलोपासून सुरू करून आठवड्याभरात वाढवा. तीन महिन्यांच्या आतल्या वासराला नको. धारा काढून झाल्यावर घाला, नाहीतर दुधाला वास लागतो. सोबत थोडा कडबा हवाच, रवंथासाठी.

तुमचा मका सत्तर दिवसांचा आहे म्हणता. मग दाणा भरायला अजून दोनेक आठवडे आहेत. तेवढ्यात कुट्टी यंत्राच्या पात्यांना धार लावून घ्या.