जळगावहून मुलांना आजीकडे ठेवून दोघंच इमॅजिकाला जाणार. एका दिवसात होईल का?

थीम पार्क एका दिवसात आरामात होतो, पण वॉटर पार्कही हवा असेल तर खोपोलीला एक मुक्काम धरा. रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याणला उतरा आणि तिथून खोपोली लोकल पकडा. थेट लोकल मोजक्याच असतात. चुकली तर कर्जतला बदला. पुढे रिक्षा मिळते.

मंगळवार-बुधवार निवडा, दिवाळी आणि मे टाळा. मुलं नसल्याचा खरा फायदा मोठ्या राइडना. एकाने मुलांपाशी थांबायचं, दुसऱ्याने बसायचं, म्हणून एकाच रांगेत दोनदा उभं राहायचं, हे होत नाही. म्हणून गेट उघडताच थेट नायट्रो हा मोठा रोलरकोस्टर गाठा. दुपारी तिथलीच रांग सगळ्यात जास्त वेळ खाते. नायट्रोत पायाखाली फळी नसते, सैल चपला आणि मोबाइल खाली जातात. जेवण या राइडनंतर करा, आधी नाही. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, तेव्हा भरीत-पुरीचा डबा रेल्वेतच संपवा. वॉटर पार्कला नायलॉनचेच कपडे लागतात, सुती चालत नाहीत.

पावसाळ्यात मात्र जोराचा पाऊस, विजा सुरू झाल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. शिवाय गरोदरपण, हृदयविकार किंवा मणक्याचा त्रास असेल तर नायट्रो विसरा.